कैरोला जाताय? कुठे कुठे फसायला होतं, ते आधीच सांगा

रानजाई | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ३ ते ९ जानेवारी आम्ही चौघं कैरोला चाललो आहोत. मी, नवरा आणि सासू-सासरे. सासरे ७३ वर्षांचे, शाळेत इतिहास शिकवायचे. नाईल नदी, पिरॅमिड आणि तुतनखामुन त्यांनी कित्येक वर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवले. परदेशी कधी गेले नाहीत. हा प्रवास खरं तर त्यांच्यासाठी आहे.

काळजी एवढीच की कैरोबद्दल जिथे वाचावं तिथे 'फसवतात, लुबाडतात' असंच ऐकू येतं. पैसे थोडे जास्त गेले तर आम्ही सोसू. पण बाबांना कुणी फसवलं की ते मनाला लावून घेतात. काही वर्षांपूर्वी एका तीर्थक्षेत्री कुणीतरी पूजेच्या नावाखाली त्यांच्याकडून भरपूर पैसे काढले आणि उरलेले दोन दिवस ते खोलीबाहेर पडले नाहीत. तसं पुन्हा व्हायला नको आहे.

तर विचारायचं असं: टॅक्सी, पैसे, पिरॅमिडजवळची माणसं यात नेमकं कुठे जपायचं? सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांचं कसं होईल? आणि टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

---

घाटवाट | रात्री १०:०५

टूर घ्या आणि निर्धास्त राहा. ७३ वर्षांच्या माणसाला घेऊन कैरोचा रस्ता ओलांडणं हेच एक मोठं साहस आहे.

---

पिंपळपान | रात्री ११:१२

आम्ही गेल्या फेब्रुवारीत टूरशिवाय गेलो होतो, सोबत आई होती. जमतं. पण चार गोष्टी घरूनच ठरवून निघा.

व्हिसा इथूनच करून घ्या. आपल्या पासपोर्टवर विमानतळावर उतरून सरसकट व्हिसा मिळत नाही. इजिप्तचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, अर्ज लवकर करा.

विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण २० किलोमीटरवर आहे. बाहेर पडल्या पडल्या 'टॅक्सी, माय फ्रेंड' म्हणत दहा जण पुढे येतात. त्या वेळी तुम्ही दमलेले असता, हातात सामान असतं आणि भाव काय हे ठाऊक नसतं. फसायला होतं ते तिथे. पहिल्या रात्रीपुरती हॉटेलची गाडी सांगून ठेवा. थोडे जास्त पडतील, पण बाबांचा पहिला तास शांत जाईल.

पिरॅमिडजवळ नेहमीचा प्रकार असा. कुणीतरी गळ्यात ओळखपत्रासारखं काही अडकवून येतो आणि सांगतो, 'हे दार बंद झालंय, तिकीट तिकडे मिळतं.' तिकडे म्हणजे ओळखीच्या घोडेवाल्याच्या तबेल्यात. आमच्या टॅक्सीच्या खिडकीवर हात मारून एकाने गाडी थांबवायला लावली होती. चालकाला सांगून ठेवा, दारापर्यंत थांबायचं नाही. आत उंटावर बसायचा भाव वेगळा आणि उतरायचा वेगळा. गंमत वाटते ऐकायला, पण वर बसल्यावर उंट खाली बसवायला माणूस नकार देतो तेव्हा आईच्या वयाच्या बाईचा जीव घाबरा होतो. बसायचंच असेल तर उतरण्यासकट, फोटोसकट, सगळ्यांचे मिळून किती, हे आधी तोंडाने वदवून घ्या.

कुणी हातात भेट म्हणून काही दिलं तर घेऊ नका. डोक्याला फडकं बांधून देतात, हातात छोटा पिरॅमिड ठेवतात आणि मग पैसे मागतात. हात मागे बांधून चाला, 'ला, शुक्रन', म्हणजे 'नको, धन्यवाद', म्हणा आणि थांबू नका. थांबलात की बोलणं सुरू.

---

मआदीकर | १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी कामानिमित्त तीन वर्षं कैरोच्या मआदी भागात राहतो. पिंपळपान यांनी लिहिलेलं बरोबर आहे, एक दुरुस्ती करतो. यंदाच्या एप्रिलपासून गिझाला, म्हणजे पिरॅमिड आहेत तिथे, पर्यटकांचा प्रवेश फयूम रस्त्याकडच्या नव्या दारातून आहे आणि आत एका जागेहून दुसरीकडे न्यायला विजेवरच्या बस आहेत. ज्येष्ठांसाठी हे फार बरं झालं. जुन्या ब्लॉगमध्ये वाचून जुन्या दाराशी जाऊ नका, 'दार बंद आहे' म्हणणाऱ्यांचं आयतंच फावतं.

आणि मेट्रोच्या गिझा स्थानकावर उतरलं की पिरॅमिड समोर दिसेल असं समजू नका. तिथून पुढे आठेक किलोमीटर जावं लागतं. बाहेर उभे असलेले टॅक्सीवाले चुकून उतरलेला पाहुणा लांबूनच ओळखतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच सांगायची आहे. आकडे शिका. अरबी भाषा येऊ दे न येऊ दे, दहा आकडे घरूनच शिकून निघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आपल्या माणसाला यात एक खास घोळ आहे. अरबी ५ म्हणजे हुबेहूब आपलं शून्य, एक गोल. आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. म्हणजे ५० हे गोल आणि टिंब असं दिसतं. ६ दिसतो इंग्रजी सातासारखा. ४ म्हणजे आरशातला इंग्रजी तीन. १ उभी रेघ, २ ला वर एक आकडी, ३ ला दोन. ७ म्हणजे झोळीसारखा खाली टोक असलेला, ८ म्हणजे त्याचंच उलटं, छपरासारखं, आपल्या ८ ला जवळचं. ९ इंग्रजी नऊसारखाच. लिपी उजवीकडून डावीकडे, पण संख्या मात्र आपल्यासारखी डावीकडून वाचायची.

हे कुठे लागतं? सगळीकडे. ॲपवरून गाडी बोलावलीत तर तिच्या पाटीवर आकडे अरबी असतात. ते जुळवता आले नाहीत तर 'मीच तुमची गाडी' म्हणणाऱ्या कुणाच्याही गाडीत बसाल. दुकानातल्या फळांच्या ढिगावर पाटी असते. ती वाचता आली की विचारावं लागत नाही, आणि विचारावं लागलं नाही की भाव वाढत नाही. पांढऱ्या टॅक्सीत मीटर असतो. बसल्या बसल्या तो चालू आहे ना बघा. 'बिघडलाय' म्हणाला तर भाव ठरवा, नाहीतर शांतपणे उतरा.

गंमत म्हणजे अरबीत या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात, कारण ते आपल्याकडून तिकडे गेले. तुमच्या सासऱ्यांना हे आवडेल.

---

शेवग्याची_शेंग | सकाळी ८:५१

५ म्हणजे शून्य! हे आता जन्मात विसरणार नाही.

---

दर्यावर्दी | सकाळी १०:२०

मी बोटीवर होतो, अलेक्झांड्रिया आणि पोर्ट सईदला कैकदा उतरलो. जुनी गोष्ट सांगतो, आजही उपयोगी पडेल. तिथला रुपया म्हणजे गिनेह, त्याचे १०० पियास्त्र. ५० गिनेहची नोट असते आणि ५० पियास्त्रचीही. आपण ५० गिनेह दिले की एखादा हातचलाखीने पियास्त्रची नोट दाखवतो आणि म्हणतो, 'तुम्ही ही दिलीत.' माझ्या सोबतच्या पोराचे असे गेले होते.

---

मआदीकर | सकाळी १०:४४

दर्यावर्दी काका, पियास्त्रच्या नोटा आता व्यवहारात फारशा दिसत नाहीत, महागाईने त्यांना किंमत राहिली नाही. आता तोच खेळ २० आणि २००चा होतो. १० आणि २०च्या नव्या नोटा प्लॅस्टिकच्या आहेत, बोटांना कळतं. पण जुन्या कागदी २०ही चालतात. प्रत्येक नोटेच्या एका बाजूला मशिदीचं चित्र आणि अरबी मजकूर, दुसऱ्या बाजूला फेरोंच्या काळातलं चित्र आणि इंग्रजी आकडा असतो. देताना इंग्रजी बाजू वर ठेवा आणि आकडा मोठ्याने उच्चारा. ५० म्हणजे खमसीन, १०० म्हणजे मिय्या, २०० म्हणजे मितेन. ५ म्हणजे खमसा. खमसा आणि खमसीन यांत गफलत होते, बोटांनी दाखवून घ्या.

सुट्ट्यांना 'फक्का' म्हणतात. कैरोत फक्का सोन्यासारखा जपतात. 'माफीश फक्का', म्हणजे सुटे नाहीत, हे वाक्य दिवसातून पाच वेळा ऐकाल. ते कधी बहाणा असतं, कधी खरंच नसतात. मोठ्या दुकानात, बँकेत, हॉटेलात २०० मोडून घ्या आणि ५, १०, २०च्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

आणखी एक. गिझा, किल्ला अशा बऱ्याच सरकारी ठिकाणी तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. परदेशात चालणारं कार्ड दोघांकडे ठेवा. नाहीतर 'मी माझ्या कार्डाने काढून देतो' म्हणणारा मदतनीस हजर असतो.

---

तांबडी_माती | दुपारी १:१५

थोडं अवांतर. कैरोत पहिल्या दिवशी मला सतत वाटत होतं की हे शब्द ऐकल्यासारखे आहेत. जेवण झालं, बिल मागायचं होतं. शेजारचा म्हणाला, 'अल-हिसाब!' आपला हिशोब. काम झालं की 'खलास'. पुरे म्हणायचं तर 'बस'. दुकान म्हणजे दुक्कान, खुर्ची म्हणजे कुर्सी, साबण म्हणजे सबून, साखर म्हणजे सुक्कर, रस्सा म्हणजे शोरबा. यातले काही शब्द तिकडून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, काही दोन्हीकडे वेगवेगळ्या वाटांनी पोचले.

फसवे शब्दही आहेत. गरीब म्हणजे तिथे परका, विचित्र. आणि बक्षीस! आपल्याकडे शर्यतीत पहिला आला की बक्षीस, तिथे दार उघडलं की बक्षीस.

---

घाटवाट | दुपारी १:३०

त्या बक्षिसावरच बोला कुणीतरी. मशिदीत चपला सांभाळणारा, स्वच्छतागृहात कागद देणारा, संग्रहालयात 'इथून फोटो छान येतो' सांगणारा रक्षक, सगळ्यांचे हात पुढे. एकालाही देऊ नये. आपणच सवय लावतो.

---

मआदीकर | दुपारी ३:०२

घाटवाट, इथे माझं स्पष्ट वेगळं मत आहे.

मार्च २०२४मध्ये सरकारने गिनेह मोकळा सोडला. तोवर एक डॉलर सरकारी दराने ३१ गिनेहच्या आसपास होता, तो एका दिवसात ५०च्या घरात गेला. आपल्यासाठी इजिप्त स्वस्त झालं. तिथल्या माणसाचा पगार मात्र गिनेहमध्येच राहिला आणि तेल, साखर, औषधं महागली. माझ्या इमारतीचा बव्वाब, म्हणजे दाराशी राहणारा रखवालदार, दोन मुलांना शिकवतो. त्याच्या घरखर्चात बक्षिसाचा मोठा वाटा आहे. चपला सांभाळणाऱ्याने खरंच चपला सांभाळल्या, स्वच्छतागृह धुणाऱ्या बाईने खरंच ते धुतलं. त्यांना ५-१० गिनेह द्यावेत, आणि हसून द्यावेत.

नाही म्हणायचं ते वेगळ्यांना. न मागता वाट दाखवणारा, दोरी ओलांडून 'या, आत खास दाखवतो' म्हणणारा, ज्याला तुम्ही तीनदा नको म्हणालात तो. त्यांना एक पैसा देऊ नका. यात गल्लत केली की माणूस चिडका होतो, सगळेच चोर वाटू लागतात आणि मग शहर बघायचं राहून जातं.

---

पिंपळपान | दुपारी ३:२०

मआदीकर यांना पूर्ण अनुमोदन. आईला रस्ता ओलांडता येईना तर एका पोराने दोन्ही हात पसरून गाड्या थांबवल्या आणि पलीकडे पोचवलं. मी नोट काढली तर छातीवर हात ठेवून 'ला, ला' म्हणत निघून गेला. तेही कैरोच.

---

घाटवाट | दुपारी ४:४१

चपला सांभाळणाऱ्याबाबत तुमचं पटलं. रक्षकाबाबत नाही. त्याला पुतळ्यावर लक्ष ठेवण्याचा पगार मिळतो, माझे फोटो काढायचा नाही.

---

मआदीकर | दुपारी ४:५०

रक्षकाबाबत तुमच्याशी सहमत.

---

सुरंगी | संध्याकाळी ७:१०

बायकांसाठी लिहिते. मी एकटी नऊ दिवस होते. रस्त्यावर शेरे मारतात, मागे चालत येतात. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. छेडछाडीविरुद्ध २०१४मध्ये कायदा कडक केला, २०२१मध्ये शिक्षा आणखी वाढवली, तरी रस्त्यावर भान ठेवावंच लागतं.

मला उपयोगी पडलं ते असं. मेट्रोत मधले डबे बायकांसाठी असतात, फलाटावर त्याची खूण असते. आपल्या लोकलची सवय असेल तर लगेच घरच्यासारखं वाटतं, बायका सरकून जागा देतात. टॅक्सीत मागेच बसायचं. कुणी फार जवळ आलं तर मोठ्याने 'ऐब!' म्हणायचं. आपल्याकडे ऐब म्हणजे खोड, तिथे त्याचा अर्थ 'लाज वाटू दे'. आजूबाजूचे लोक, विशेषतः वयस्क बायका, लगेच वळून त्या माणसाला झापतात. पर्यटन पोलिसांचा नंबर १२६, साध्या पोलिसांचा १२२, रुग्णवाहिका १२३. फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

मशिदीत जाताना डोक्यावर ओढणी, हातपाय झाकलेले. इब्न तुलून मशीद चुकवू नका. नवव्या शतकातली आहे आणि तिच्या अंगणात शहराचा सगळा गोंगाट अचानक थांबतो. बाबांना तिथे अर्धा तास नुसतं बसू द्या.

---

शारजाकर | रात्री ८:२५

रानजाई, विमान थेट आहे की दुबई-दोहामार्गे? थेट असेल तर पुढचं सोडून द्या. आखातात थांबून जाणार असाल तर सामानात खसखस ठेवू नका. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे. सासूबाई प्रवासाला अनारसे घेणार असतील तर ते खसखशीवर थापलेले असतात! गरम मसाल्यात, वाटणातही असते. आपल्याला ती स्वयंपाकाची वस्तू, तिथल्या कायद्याला अफूचं बी.

औषधंही तपासा. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक इजिप्तमध्ये कडक नियंत्रणाखाली आहे. गुडघेदुखीच्या गोळ्यांमध्ये ते असू शकतं. डॉक्टरांना विचारून आधीच बदलून घ्या. बाकीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. ड्रोन तर नेऊच नका, परवान्याशिवाय आणायला बंदी आहे.

---

रानजाई | रात्री ९:०२

शारजाकर, अंगावर काटा आला. विमान मुंबईहून थेट आहे, पण येताना दुबईत दोन दिवस नणंदेकडे थांबायचंय आणि तिच्यासाठी अनारशांचा डबा ठरला होता! सासूबाईंना लगेच दाखवलं. आता चकल्या जातील.

आणि बाबांच्या गुडघ्याच्या गोळ्या उद्या डॉक्टरांना दाखवते.

---

चतुर्थी | रात्री १०:३०

शाकाहाराची मुळीच चिंता करू नका, पण तीन सापळे ओळखून ठेवा.

सासूबाई काय खातील ते आधी. कोशरी: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोची सळसळीत चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. आपल्या खिचडीशी तिचं नातं असल्याचं बरेच जण मानतात आणि पहिल्या घासाला ते पटतं. फूल म्हणजे शिजवलेले बाकला (वालासारखे मोठे दाणे), सकाळी पावाशी. तामिया म्हणजे त्याच बाकल्याचे वडे, आतून हिरवेगार. पाव म्हणजे एश बलदी, कोंड्यासकटच्या पिठाचा.

सापळा पहिला: मुलूखिया. हिरवी पालेभाजी बघून आपण खूश होतो, पण ती बहुधा कोंबडीच्या नाहीतर सशाच्या रश्शात शिजवतात. दुसरा: मसुराचं सूप आणि भरलेल्या भाज्या. त्यातही रस्सा असू शकतो, विचारा. तिसरा: नुसतं 'मांस नको' म्हणू नका. 'लहमा' म्हणजे बोलीत लाल मांस. कोंबडी त्यात धरत नाहीत, मासे तर नाहीतच. 'मिन गेर लहमा, मिन गेर फिराख, मिन गेर समक' असं तिन्ही म्हणायचं.

आता गुरुकिल्ली. तिथल्या कॉप्टिक ख्रिश्चनांचे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपासाचे असतात. तेव्हा मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. त्या जेवणाला 'सियामी' म्हणतात आणि कैरोतल्या प्रत्येक खानावळवाल्याला तो शब्द कळतो. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो आणि आधीचे ४३ दिवस उपास. म्हणजे तुम्ही नेमक्या उपासाच्या दिवसांत पोचताय! 'अक्ल सियामी' मागा. फक्त या उपासात मासे चालतात, तेव्हा 'मिन गेर समक' जोडा. आणि ७ तारखेला सार्वजनिक सुट्टी आहे, बँकेची कामं आधी उरका.

---

आजीचीबटवी | रात्री १०:४४

वाचनखूण साठवली. उपास करणाऱ्यांचं जेवण मागायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

---

तांबडी_माती | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:००

एक मोठा घोळ कुणी लिहिला नाही: संग्रहालयं. कैरोत आता तीन मोठी आहेत आणि लोक चुकीच्या ठिकाणी जातात. आमच्या गटातले दोघे ममी बघायला तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयात गेले आणि हिरमुसले होऊन परत आले.

तहरीर चौकातलं, १९०२ सालचं गुलाबी इमारतीतलं, ते जुनं. राजांच्या ममी तिथून ३ एप्रिल २०२१ला मिरवणुकीने हलवल्या. १८ राजे आणि ४ राण्या आता फुस्तातच्या राष्ट्रीय सभ्यता संग्रहालयात आहेत. त्या दालनात फोटो काढायचे नाहीत. तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा आणि त्याच्या कबरीतल्या पाच हजारांहून जास्त वस्तू आता गिझाच्या पिरॅमिडांजवळच्या नव्या भव्य संग्रहालयात, जे याच महिन्यात सर्वांसाठी उघडलं. तिथलं तिकीट वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढा, सध्या गर्दी अफाट आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं 'म्युझियम' सांगू नका, नाव आणि भाग दोन्ही सांगा.

आणि वाटेत कुणी 'संग्रहालय नमाजासाठी बंद आहे, तोवर माझ्या भावाचं सरकारी पपायरसचं दुकान बघा' म्हणालं तर पुढे चालत राहा. खरा पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीचा कागद, पण तिथला पुष्कळदा केळीच्या सोपटाचा असतो.

---

रानजाई | सकाळी ११:३५

बाबा हा धागा रोज वाचायला मागतात. त्यांना विचारायचंय, मोठ्या पिरॅमिडच्या आत जावं का?

---

दर्यावर्दी | दुपारी १२:१०

गुरुजींना माझा नमस्कार सांगा. वाट अरुंद आणि चढती, बराच वेळ कमरेत वाकून चालावं लागतं, हवा कोंदट. वर राजाच्या दालनात ग्रॅनाइटची रिकामी पेटी, बाकी काही नाही. वेगळं तिकीट काढून लोक 'आत काहीच नव्हतं' म्हणत बाहेर येतात. पण ज्याने आयुष्यभर ते शिकवलं त्याला ती रिकामी पेटीही पुष्कळ असेल. गुडघे डॉक्टरांना विचारा.

---

रानजाई | १५ जानेवारी २०२६, रात्री ८:५०

परत आलो! सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद.

टूर घेतली नाही. गिझाला एक दिवस परवानाधारक गाइड घेतला, बाकी आपले आपण.

बाबांनी महिनाभर वहीत आकडे गिरवले. एका बाजूला अरबी, समोर आपले, खाली उच्चार. विमानतळावरून निघालो तेव्हा समोरच्या गाडीची पाटी त्यांनी मोठ्याने वाचली आणि हॉटेलच्या चालकाने वळून टाळी दिली. तिथून तो माणूस पूर्ण शहरभर पाट्याच वाचत होता.

तिसऱ्या दिवशी एका टॅक्सीत नवऱ्याने उतरून दार लावलं, पैसे बाबांनी दिले. २००ची नोट. चालकाने मूठ उघडली तर आत २०. माझ्या पोटात गोळा आला, आता बाबा खचणार असं वाटलं. बाबा शांत. ते म्हणाले, 'मितेन.' नोट देतानाही त्यांनी 'मितेन' म्हटलं होतं, इंग्रजी बाजू वर धरून. पुन्हा म्हणाले, 'मितेन, या उस्ताज', म्हणजे 'दोनशे, साहेब.' तो एकदा त्यांच्याकडे, एकदा वहीकडे बघत राहिला, हसला आणि उरलेले पैसे मोजून दिले. वर बाबांशी हात मिळवला. त्या रात्री बाबांनी हा प्रसंग फोनवर सहा जणांना सांगितला.

एका ठिकाणी आम्हाला जास्त पैसे पडलेच. नाईलवर फलूकात बसलो, भाव तासाचा ठरवला, पण नावेचा की माणशी हे विचारायचं राहिलं. माणशी निघाला. पुढच्यांनी 'पूर्ण नावेचे' असा शब्द घ्या.

सासूबाईंनी सहा दिवसांत चार वेळा कोशरी खाल्ली. 'सियामी' म्हटल्यावर एका खानावळीतल्या बाईंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन सगळी भांडी उघडून दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, वीस मिनिटं गप्पा चालल्या.

रात्री मात्र थंडी चांगलीच होती आणि खोलीत उष्णतेची सोय नव्हती. स्वेटर न्या.

पिरॅमिडच्या आत बाबा गेले नाहीत, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. खालच्या थरातल्या एका दगडाला हात लावून उभे राहिले. दगड त्यांच्या खांद्यापर्यंत येत होता. नव्या संग्रहालयात शिरल्या शिरल्या रमसेसचा ११ मीटर उंच पुतळा आहे. तिथे त्यांनी आम्हा तिघांना रांगेत उभं करून वीस मिनिटं शिकवलं. एक इजिप्शियन शाळकरी मुलगा येऊन शेजारी उभा राहिला. शेवटी बाबांनी त्यालाही प्रश्न विचारला, मराठीत.

---

दर्यावर्दी | रात्री ९:०५

वा गुरुजी! मितेन!

---

घाटवाट | रात्री ९:३०

टूर घ्या म्हणणारा मीच होतो. हे वाचून फार आनंद झाला. रानजाईताई, त्या वहीच्या पानाचा फोटो टाकाल का? माझे आईवडील मार्चच्या सुरुवातीला जायचं म्हणताहेत.

---

रानजाई | रात्री ९:४४

उद्या टाकते. बाबा म्हणतात, आधी ३ आणि २ पुन्हा नीट काढून देतो, तिथे अक्षर गिचमिड झालंय.

---

मआदीकर | रात्री १०:१५

घाटवाट, मार्चच्या सुरुवातीला जाणार असाल तर लक्षात घ्या, यंदा रमजान १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन महिनाभर चालेल. प्रेक्षणीय ठिकाणं लवकर बंद होतात, दुपारी बऱ्याच खानावळी बंद असतात. सूर्यास्ताच्या आधीच्या तासाभरात रस्त्यावर भयंकर घाई असते आणि उपास सुटण्याच्या वेळी टॅक्सी मिळत नाही, तेव्हा त्याआधी हॉटेलवर पोचा किंवा जिथे जेवायचं तिथेच बसून राहा. रात्री मात्र हुसैन चौकात आणि मुइझ रस्त्यावर कंदील लागतात, तेव्हा त्यांना नक्की बाहेर काढा. मार्चपासून खमासीन नावाचा धुळीचा वारा सुटतो, दम्याचा त्रास असेल तर औषध आणि तोंडाला बांधायला रुमाल हवा. तारखा कळवा, मी इथेच असेन.